कुंपणाचं पाणी

वाटणी झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मोताळ्याच्या आमच्या घरामागचं परसू मधोमध तोडलं. विहीर काकांच्या बाजूला गेली. पाणी मात्र दोघांचं, असं चार माणसांत ठरलं. आई त्या विहिरीवर पुन्हा गेली नाही, मलाही जाऊ दिलं नाही. वाटणीच्या दिवशी काकूने तिला सगळ्यांदेखत चोरटी म्हटलं होतं, एका पितळी गंगाळावरून. ते नंतर काकूच्याच माळ्यावर सापडलं. माफी काही कुणी मागितली नाही.

मग आईने मधे झाडांचं कुंपण घालायला घेतलं. काकूचं तोंड दिसता कामा नये, एवढी एकच अट. तगर आणि जास्वंद तिने आधीच बाद केली. "फुलं तोडाले येईन तुही काकू." बकऱ्या तोंड लावत नाहीत म्हणून अडुळसा, बोचते म्हणून कोरांटी आणि तिच्या माहेरी, उंद्री गावात, हवी तेवढी मिळायची म्हणून मेंदी निवडली.

शाळेच्या बागेतले म्हातारे माळीबाबा बघायला आले. म्हणाले, "दोन हात जागा सोड बाई, अन् एका रांगेत नको लावू. मागंपुढं लाव. मोकळं राह्यलं का झाड बुडापासून भरते."

"दोन हातांत तिचं आख्खं तोंड दिसते," आई म्हणाली आणि वीतवीत अंतरावर काड्या खोचत सुटली. माळीबाबा कपाळाला हात लावून निघून गेले.

दोन उन्हाळे मी गावच्या विहिरीवरून कळशा वाहिल्या. आधी घरासाठी, मग त्या मेल्या कुंपणासाठी. आईचा राग, आणि कंबर माझी मोडत होती. झाडं दाटीत नुसती उंच झाली. वर गच्च पाला आणि खाली उघड्या काड्या. काकूचं तोंड दिसेनासं झालं, पण पाय दिसत.

एका दुपारी मी पाणी घालायला वाकले, तर पलीकडे जोडवी घातलेले पाय आणि शेजारी बादली. काकू आमच्या झाडांच्या बुडाशी पाणी ओतत होती. मला भरूनच आलं. वाटलं, मिटलं एकदाचं. आता आई विहिरीवर जाईल, माझ्या कळशा सुटतील. मी वळसा घालून धावतच तिच्या दारात गेले.

"काकू, तुम्ही आमच्या झाडाईले पाणी घालून राह्यल्या?"

"काऊन, तुह्या मायले एकटीलेच पाह्यजे का कुंपण? वाळलं तं मले रोज तिचं तोंड पाहा लागन," काकू म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. आई डाळ पाखडत होती. तिचं सूप क्षणभर थांबलं.

"घालते तं घालू दे," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या कळशा बंद झाल्या. आमच्या विहिरीचं पाणी कुंपणाला मिळू लागलं. आमच्या पिण्याचं मात्र मी गावच्या विहिरीवरूनच आणत राहिले, लग्न होऊन जाईपर्यंत.