धर्ममाता व्हायला निघाले होते

पुण्याहून शिर्डीच्या बसमध्ये बसलं की शेजारी बसलेलं माणूस एकच प्रश्न विचारतं. "दर्शनाला का?" माझ्या शेजारच्या मावशींनीही विचारलं आणि मी मान हलवली, कारण खरं उत्तर लांबलचक होतं. माझी मावसबहीण रूथताई राहात्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि मला त्याची धर्ममाता (बाळ श्रद्धेत वाढेल अशी हमी देणारी बाई) व्हायचं होतं. आमचं घर ख्रिस्तीच आहे. अडचण इतकीच, की कॉलेजात कधीतरी माझा विश्वास निघून गेला आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर पाळकसाहेब विचारणार होते, "तुझा विश्वास आहे का?" आणि मला "होय" म्हणायचं होतं.

राहाता आलं तशी मी उठले. मावशींनी माझी बॅग धरून ठेवली. "अगं पोरी, शिर्डी पुढं हाय." मी "इथंच" म्हणाले. कंडक्टर म्हणाले, "ताई, मंदिर हितं न्हाई." मागच्या बाकावरूनही दोघांनी समजावलं. सगळ्यांच्या काळजीतून बॅग सोडवून खाली उतरले तेव्हा ऐन थंडीत मला घाम फुटला होता.

दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. डांबरी रस्ता संपला तशा पेरूच्या बागा सुरू झाल्या. झाडं बुटकी, आणि प्रत्येक फळाला फोमची जाळी, वर प्लास्टिकची पिशवी. लांबून वाटलं, झाडांना कुणी डबे भरून दिलेत. घरावर नाताळची कागदी चांदणी अजून लटकत होती. ताईने बाळ माझ्या हातात दिलं, लगेच परत घेतलं ("मान धर गं त्याची"), आणि ताटात बाजरीची भाकरी अन् पिकल्या पेरूची गूळ घातलेली भाजी वाढली. पेरूची भाजी होते हेच मला माहीत नव्हतं. मी दोनदा घेतली. ताई खुशीत होती. "तुलाच करायचं हे मी आधीच ठरवलं हुतं," ती म्हणाली. ती आता इथल्यासारखं बोलते. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

संध्याकाळी अंगणात प्रार्थना होती. पेटी, ढोलकी, सतरंज्या. गाणी झाल्यावर साक्षी सुरू झाल्या (देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं). ताईचे सासरे अण्णा आधी उठले. मंगळवारी आभाळ भरून आलं होतं, काढलेला कांदा उघड्यावर पडला होता, त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस न पडताच आभाळ निघून गेलं.

शेजारचे बबनकाका बसल्या जागेवरून म्हणाले, "त्याच मंगळवारी मी हरभऱ्यासाठी पाऊस मागत हुतो. तुमच्यामुळं गेला व्हय?"

"तुमी जरा मोठ्यानं मागायचं," अण्णा म्हणाले. पाळकसाहेबांसकट सगळे हसले.

मीही हसले, पण माझा जुना मुद्दा आयताच समोर आला होता. पाऊस आला तर देवाची कृपा, गेला तरी कृपा. मग कृपा करणारा कुणी नाहीच, हे कळणार कशावरून? आणि ज्यांचं मागणं वाया जातं ते कुठे उठून सांगतात? लोकांना वाटतं, माझ्यासारखी माणसं हट्टाने विश्वास ठेवत नाहीत. हट्ट कसला. ठेवता येत नाही.

तेवढ्यात ताईच्या सासूबाई उठल्या. त्यांना सगळे माई म्हणतात. "माझा धाकटा आजारी हुता तवा मी लई मागितलं. न्हाई दिलं," त्या म्हणाल्या. "दर साली सांगते, आजबी सांगते." आणि खाली बसल्या. कुणी त्यांची समजूत घातली नाही, कुणी अर्थ लावला नाही. पेटी वाजली आणि पुढचं गाणं सुरू झालं. माईही गात होत्या.

वाया गेलेलं मागणंही इथे सांगता येतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. गाणं संपलं आणि मी उभी राहिले. वर्गातसुद्धा मी कधी हात वर केला नव्हता. इंग्रजीत हे मला नीट बोलता येतं. मराठीत 'नास्तिक' हा शब्द आमच्या घरी फक्त रागावल्यावर वापरतात, म्हणून तो टाळला.

"मला विश्वास येत नाही," मी म्हणाले. "पुरावा दिसत नाही. उद्या होय म्हटलं तर ते खोटं होईल."

ढोलकीवाल्याचा हात ढोलकीवरच राहिला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "येशू मेलेल्यातून उठला, त्याची कबर रिकामी दिसली ती पहिल्यांदा बायांना," ते म्हणाले. "त्या काळी बायांच्या शब्दाला कोण विचारत होतं? कुणी बनवून सांगितलं असतं तर साक्षीला पुरुष उभे केले असते."

"त्या खोटं बोलत नव्हत्या, एवढंच त्यातून कळतं," मी म्हणाले. "खरं बोलणाऱ्याचीही चूक होते."

"होते. मला तेवढं पुरतं, तुला पुरत नाही." त्यांनी चष्मा लावला. "पण बाप्तिस्म्याला खोटं होय नको. बरं केलंस सांगितलंस."

ताई मात्र उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ती लसूण सोलत होती.

"एक शब्द हुता गं. माझ्यासाठी म्हणायचा."

"तुझ्या बाळासाठी पहिलंच बोलणं, ते खोटं बोलू?"

तिने निम्मा लसूण माझ्याकडे सरकवला. "नणंद हुईल आता धर्ममाता. ती टपूनच बसलीय. मला जन्मभर ऐकवंल." पण माझ्याकडे तिने पाहिलं नाही. सकाळीही नाही.

चर्चमध्ये मी दुसऱ्या बाकावर बसले. नणंद जरीची साडी नेसून पुढे उभी राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला ठणठणीत "होय" म्हणाली. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं तसं त्याने अख्खं चर्च डोक्यावर घेतलं. मग पाळकसाहेब सगळ्यांकडे वळले. असा प्रश्न मंडळीलाही विचारतात हे मी विसरले होते. "या लेकराशी खरं वागायला, त्याला मायेनं वाढवायला तुम्ही सगळे मदत कराल..."

"होय," मी म्हणाले.

त्यांचा "का" अजून व्हायचा होता. सबंध चर्चमध्ये माझा एकटीचा आवाज. पुढचे बाक वळून बघू लागले. ताईनेही मान वळवली. हसू दाबताना तिचे ओठ वाकडे झाले होते. पाळकसाहेबांनी उरलेला "का" म्हटला आणि मग सगळे होय म्हणाले.

बाहेर मांडवात पंगत बसली तेव्हा ताईने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घे. सगळ्यांच्या आधी होय म्हणालीस, आता सांभाळ. मी जेवून घेते." ती मटणाचा रस्सा सावकाश जेवली. बाळाने माझा नवा ड्रेस भिजवला.

दुपारी तिने पिशवीभर पेरू देऊन मला बसमध्ये बसवलं. "त्याला मोठेपणी असले प्रश्न पडले तर पुण्याला पाठवते," खिडकीतून म्हणाली. "धर्ममातेला न्हाई जमायचं."

नगरपर्यंत मी त्यावरच विचार करत होते. पुरावा मला अजून सापडलेला नाही, आणि सापडल्याचं नाटकही मला जमणार नाही. त्या मुलाने विचारलं तर मी काय सांगेन, ते ठरवायला बरीच वर्षं आहेत. जे सांगेन ते खरं असेल. तेवढं सगळ्यांसमोर कबूल करून आले आहे.