काळझरीच्या बारवेचा सन

"पुसलं. मीच पुसलं. परत टाकलंस तर परत पुसीन."

यशोधरानं हे मान वर न करता सांगितलं. झेरॉक्स मशीनच्या काचेवर कुणाचं तरी रेशनकार्ड पालथं घातलेलं, वरून झाकण दाबून धरलेलं. समोर तिचा धाकटा भाऊ समाधान. काळझरीहून मोटारसायकल हाणत केजला आलता, तेही शाळेतून अर्धा दिवस रजा टाकून. मास्तर माणूस, एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी दुकानाबाहेरची गिऱ्हाइकं आत वाकून बघायला लागली.

"आपल्या आजीला पुसलंस तू. त्या अप्पाच्या पोराचं ठिवलंस आन् आजीला पुसलंस. कावून?"

"आजी माझी हाय म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर जरा थांबले असते."

समाधान पाय आपटत गेला. यशोधरानं रेशनकार्ड सुलटं केलं आन् दुसरी बाजू काढली.

भांडण होतं दोन ओळींचं, आन् त्या ओळी होत्या इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात. हा कोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा. कुणाला पगार नाही, मानधन नाही. लिहिणारे आपापल्या गावात, आपापल्या धंद्यात. असल्या बिनपगारी संपादकांत केजच्या तहसीलसमोरची ही झेरॉक्सवाली बाई होती, हे तालुक्यात मोजून दहा जणांना ठाऊक असेल.

ती तिथवर पोचली कशी, तर एसटीडीमुळं. नव्वद सालानंतर फोनची चलती झाली तसा तिच्या नवऱ्यानं, बंकटनं, तहसीलसमोर पिवळा बोर्ड लावला. दहा-बारा वर्षं बूथपुढं रांगा. मंग खिशाखिशात मोबाइल आले आन् बूथमध्ये कुत्रंसुदिक फिरकंना. बंकट ट्रकवर गेला. यशोधरानं पिवळा बोर्ड उतरवून ठेवला, झेरॉक्स घेतली, कॉम्प्युटर घेतला, मराठी टायपिंग शिकली आन् इंटरनेट जोडलं. गिऱ्हाइक नसलं आन् लाइट असली, की ती कोशात डोकवायची.

पहिलं पान तिनं नांदूरघाटावर लिहिलं. "निसर्गाच्या कुशीत वसलेलं रम्य गाव" असं सुरू केलतं. दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईच्या कुण्या रामहरी नावाच्या माणसानं ती ओळ काढली आन् चर्चेच्या पानावर लिहिलं, "ताई, कुशी काढली आहे, कृपया लोकसंख्या टाका. लिहिल्याबद्दल आभार." हे सांगताना ती अजून हसते. म्हणते, बारावीपर्यंत चुकीपायी छड्या खाल्ल्या, पण चूक दावून वर आभार मानणारा माणूस तिथंच पहिल्यांदा भेटला. हा रामहरी सरकारी दप्तरखान्यातनं निवृत्त झालेला. त्यानं तिला एक कायदा शिकवला, तो तिनं पदराला गाठ मारून ठेवावा तसा ठेवला: घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. छापील पाहिजे, आन् छापणारा दुसरा पाहिजे.

तीन वर्षांत तिनं केज तालुक्यातल्या सत्तर गावांची पानं केली. तिच्या माहेराचं, काळझरीचं, शेवटी केलं. आन् तिथंच माशी शिंकली.

काळझरीत एक बारव आहे, पायऱ्यांची, मोठी. आतल्या कोनाड्यापाशी दगड बसवलाय. त्यावर कोरलंय, "सन १३३९ शिवलिंगप्पा वीरप्पा". गावातले किराणावाले केदारनाथअप्पा त्या घराण्यातले. अप्पांचा बाप अप्पा तीन वर्षांचे असताना वारला, ते सिरसाळ्याला आजोळी वाढले. घरचे जुने कागद रझाकाराच्या गडबडीत गेले, असं ऐकून होते. त्यांच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. अप्पांच्या बापापर्यंत एका आड एक पिढी शिवलिंगप्पा आन् वीरप्पा. त्यामुळं तेराशे एकोणचाळीस वाचलं की अप्पांना वाटायचं, असंल कुणीतरी मागचा, फार मागचा. हायस्कुलाच्या पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत तसं छापून आलं. बारवेवर ऑइलपेंटचा बोर्ड लागला, "सहाशे सत्तर वर्षे जुनी". अप्पांचा पोरगा रवि, पुण्याला नोकरीला, त्यानं ते कोशात टाकलं आन् खाली स्मरणिकेचा दाखला दिला.

समाधाननं ते वाचलं आन् त्याचं डोकं फिरलं. कारण त्यांची आजी, भिमाबाई, नव्वदीला टेकलेली, जन्मभर सांगत आलती की ती बारव खंदताना मी माती व्हायलेली हाय. आठ वर्षांची होते, डोक्यावर पाटी, दिवसाला पसाभर जवारी. समाधाननं तसं लिहिलं. रविनं खोडलं. समाधाननं परत लिहिलं. आठ दिवस हाच खेळ. शेवटी यशोधरानं मधी पडून आजीची ओळ काढली, कारण तिला छापील आधार नव्हता. रविच्या सनाला मात्र छापील होता, म्हणून तो ठेवला. फक्त त्याच्यापुढं शंकेची खूण केली. रविला ती खूण झोंबली, समाधानला ओळ झोंबली. दोन्हीकडून शिव्या.

आन् तिला स्वतःला? तिला पक्कं ठाऊक होतं आजी खरं बोलती. रात गेली, दिस गेला, आजीच्या तोंडात एक शब्द कधी बदलला नव्हता. तरी तिनं काढलं. आजी मेल्यावर हे सांगायलाही कुणी उरणार नाही, हेही तिला कळत होतं.

चर्चेच्या पानावर रामहरीनं एवढंच विचारलं, "सन कोणता? दगडावर फक्त सन आहे, की पुढे काही?" तिनं लिहिलं, नुसताच सन. त्यावर त्यानं उत्तर धाडलं, की निजामाच्या दप्तरात फसली सन चालायचा, त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल निघतं. पण अंदाजावर काही बदलू नका, कागद मिळतो का बघा.

कागद आपल्या पायानं दुकानात आला. पंधरा दिवसांनी केदारनाथअप्पा स्वतः आले, वारसाच्या नोंदीसाठी एका जुन्या जमिनीचा कागद झेरॉक्स करायला. घराच्या माळवदातनं, तुळईच्या सांध्यातनं सापडलेला. वरती उर्दू, खालती मराठी. काचेवर ठेवताना यशोधराची नजर गेली. "शिवलिंगप्पा वल्द वीरप्पा, मौजे काळझरी, बारवेकरिता जमीन, सन १३३९ फसली."

तिचा हात थांबला. दुसरं कुणी असतं तर एक कॉपी गपचिप जादा काढून ठेवली असती. तिनं कागद काचेवरून उचलला आन् अप्पांपुढं धरला.

"अप्पा, ही ओळ वाचा. हा फसली सन हाय. म्हंजे एकोणीसशे एकोणतीस-तीस."

अप्पांनी चष्मा लावला. वाचलं, चष्मा काढला, परत लावला. "म्हंजे हा शिवलिंगप्पा..."

"तुमचा आजा."

अप्पा बाकड्यावर बसले. सहाशे वर्षं एका झेरॉक्समध्ये गेली. मग पुसट आवाजात विचारलं की हे आता तू कॉम्प्युटरवर टाकणार का. ती म्हणाली, कागद तुमचा हाय, तुमी म्हणल्याबिगर न्हाई. अप्पा कागद घडी करून निघाले. दारात थांबून म्हणाले, "मी बापालाच नीट बघितलं न्हाई, आजाचं काय सांगू. त्याला बघितलेलं कुणी जित्तं न्हाई आता."

"हाय की," यशोधरा म्हणाली. "माझी आजी हाय."

रविवारी अप्पा भिमाबाईच्या दारात गेले. यशोधरा आलती, समाधान तोंड फुगवून खांबाला टेकला होता. भिमाबाई उन्हात बसली होती. अप्पांनी कशासाठी आलो ते सांगितलं. तिनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं, आन् पहिलं काय म्हणाली तर, "कान त्याचेच हायत तुजे. सुपाएवढे."

समाधानला हसू आवरलं नाही. अप्पांनी नकळत कानाला हात लावला.

मग म्हातारी बोलत राहिली. शिवलिंगप्पा ठेंगणा होता, डोक्यावर लाल पटका, हातात छत्री. पोरांना दुपारी गुळाचा खडा द्यायचा, स्वतःच्या हातानं, वरून टाकून. मजुरी कधी बुडवली नाही. दगड पायावर पडून तिचा चुलता लंगडा झाला तेव्हा त्याला सहा महिने घरबसल्या जवारी धाडली. अप्पा मान हलवत ऐकत होते, मधी मधी डोळे पुसत होते. त्यांना आजा भेटत होता.

"इहीर झाली," भिमाबाई म्हणाली. "पाणी लागलं, पूजा झाली. दुसऱ्या दिशी आमाला पायरी बंद. ज्यांनी खंदली त्यांनी वर थांबायचं आन् कुणी वतलं तर प्यायचं. तुज्याच आजानं माणूस बसवलता राखणीला. ती काठी मी खाल्लेली हाय."

समाधानच्या बायकोनं चहा आणला होता, तो तसाच.

"घे की चहा," भिमाबाई म्हणाली. "तुजा आजा घेत न्हवता आमच्या हातचं. तुजं बघू."

अप्पांनी कप उचलला, प्याले, बशी खाली ठेवली.

जाताना यशोधराला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं. हायस्कुलाची पन्नास वर्षांची नवी स्मरणिका छापायला टाकायचीय, समितीचा अध्यक्ष मीच हाय. सन दुरुस्त करतो. खंदणाऱ्यांचं टाकतो, भिमाबाईचं नाव घालून टाकतो. फक्त ते शेवटचं, पायरीचं आन् काठीचं, ते राहू दे. गेलेल्या माणसाची अब्रू हाय.

यशोधराला माहीत होतं, छापील आधार मिळायची ही एकच वाट. आजीचं नाव कागदावर येत होतं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "अर्धं छापायचं असंल तर आजीचं नाव टाकू नका. ती गुळाचं सांगती तवा काठीचंबी सांगती. घरचं बघून ठिवायचं-पुसायचं असतं, तर मी माझ्या भावाशी भांडले नसते."

अप्पा तसेच निघून गेले. महिना गेला. समाधान म्हणाला, घालवलंस हातचं. तिलाही तसंच वाटत होतं.

मग एका सोमवारी, तहसीलपुढं गर्दी असताना, अप्पा दुकानात आले. पिशवीतनं स्मरणिका काढून काउंटरवर ठेवली, पान उघडून. सन बरोबर होता. भिमाबाई होती, पाटी होती, पसाभर जवारी होती, गुळाचा खडा होता. आन् खाली, बाकीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत, पायरी बंद केल्याचं आन् राखणदाराच्या काठीचं होतं.

"सगळं छापलंय," अप्पा म्हणाले. "आजा मिळाला तो असा मिळाला. निम्मा घेऊन काय करू? रविला सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

बोर्डवरचा आकडाबी रंगवून घेतलाय म्हणाले, आन् जागा मोठी राहिली म्हणून पेंटरनं शेजारी कमळ काढलं.

यशोधरानं ती ओळ स्वतः टाकली नाही. आजी तिची. तिनं रामहरीला पान धाडलं, त्यानं तपासलं आन् दोन ओळींत सरळ, बिनकुशीचं लिहिलं. खाली लिहिलं, काळझरीच्या सर्वांचे आभार. समाधाननं आजीला वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, चुलत्याच्या पायाचं ऱ्हायलं की.

यशोधराला विचारलं तर ती उपकार मोजत बसते. रामहरीचे, ज्यानं सन विचारला. अप्पांचे, ज्यांनी आपल्याच आजाची काठी छापली. आन् रविचेसुदिक. म्हणते, त्यानं चुकीचा सन एवढ्या जोरात रेटला नसता, तर आमी खरा हुडकायला उठलोच नसतो. रामहरीला तिनं अजून बघितलेलं नाही. अंबाजोगाई काही लांब नाही, पण दुकान सोडून जायचं कधी?

त्या सोमवारी अप्पा बोलत होते तेवढ्यात मागं सात-आठ जण जमले. एक बाई सातबारा गुंडाळी करून उभी. यशोधरानं स्मरणिका बाजूला सरकवली आन् हात पुढं केला.

"द्या मावशी. किती काढू? आन् कागद सरळ करा जरा, सावली येती त्याची."