'आगे' की 'आगु'

मंडळी, हे सदर मी कित्येक वर्षं वाचते, पण ते हसण्यासाठी. राग मानू नका. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात, आणि मी इथे चहा पीत म्हणते, ‘अहो, आधी खिडकीची कडी तपासा!’ हैदराबादेत कुकटपल्लीजवळच्या एका कारखान्यात मी गेली एकवीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला, की तो का झाला हे शोधून कागदावर उतरवायचं, हेच माझं काम. लोक म्हणतात, ‘मॅडम, नशीब.’ मी म्हणते, ‘नशीब नाही, मशीनचं झाकण काढून ठेवलं होतंत.’ कारण सापडलं नाही असं आजवर झालं नव्हतं... म्हणजे त्या रविवारपर्यंत.

आमचं घर चिक्कडपल्लीत, तीन पिढ्यांपासून. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी. तिन्ही भाषा मला एकाच जिभेवर चालतात आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंजिरीचा नवरा निखिल मात्र अस्सल पुण्याचा. आयटीतल्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी हैदराबादला आला. तेलुगू म्हणाल तर ‘अन्ना’ आणि ‘चालु’, बस्स. त्यातला ‘चालु’ म्हणजे ‘पुरे’, हेही त्याला ताटात तीनदा भात पडल्यावर कळलं. त्यांची मुलगी सई सहा वर्षांची आहे. मला मूलबाळ नाही, तेव्हा सई म्हणजे माझी काय आहे ते वेगळं सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात निखिलने टूम काढली, फोर-बाय-फोर गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्रकिनाऱ्यावर चालवायची. कुणाचे तरी व्हिडिओ बघितले होते. मी म्हटलं, जायचं तर मी सोबत येणार आणि नियम माझे असणार.

गाडी देणाऱ्या माणसाने किल्ली हातात ठेवताना बजावलं होतं, “मॅडम, हायवे पे जित्ता चाहे चलाओ, रेती में नक्को. चढाव पे बोनट ऊपर उठता, सामने का कुच नै दिखता.”

“हौ भाई, मालूम है,” मी म्हटलं. माझंच काम मला शिकवतोय, असंही मनात आलं. खरं तर तिथेच किल्ली परत करायला हवी होती.

आंध्रच्या किनाऱ्यावर, बापटलाच्या पुढे, गर्दीचा बीच सोडून थोडं लांब, मच्छीमारांच्या वस्तीजवळ आम्ही थांबलो. सकाळचे दहा वाजले होते, स्वच्छ ऊन, अंधार नाही, धुकं नाही. समुद्राच्या अलीकडे वाळूचं एक लांबट टेकाड होतं, साधारण पुरुष-दीड पुरुष उंच. अलीकडच्या बाजूला झावळ्यांच्या छपराखाली एक बाई शहाळी विकत होती. टेकाडाच्या माथ्यावर, एका कडेला, दुसरी एक म्हातारी जाळ्यावर मासे वाळत घालत होती. बाकी माणूस नाही.

आता माझी तयारी ऐका. टायरमधली हवा कमी करून घेतली. निखिल निघायच्या आधी मी स्वतः टेकाड चढून पलीकडे उतरले, वाळू पायाने चाचपली. पलीकडे थेट पाण्यापर्यंत मोकळं होतं. परत येऊन निखिलला सांगितलं, “चढावर ब्रेक मारायचा नाही. थांबलास की चाकं रुतलीच. एका दमात वर जायचं.” हे बरोबरच होतं, आजही बरोबर आहे. वाळूत गाडी अशीच चालवतात.

मग आम्ही शहाळी प्यायलो. टायरचे फोटो काढले. निखिल घाबरला होता म्हणून मी शेजारी बसले. मंजिरी छपराखालून व्हिडिओ काढणार होती. तिला वाटलं सई गाडीत मागे बसली आहे. मला वाटलं सई तिच्या आईजवळ आहे. कारखान्यात अशी चूक कुणी केली असती तर त्याला मी उभं-आडवं झापलं असतं. तपासणी आणि काम यांच्यामध्ये दहा मिनिटं गेली, मी पुन्हा बघितलं नाही, आणि माणसं मोजली नाहीत... चार तर माणसं होतो आम्ही.

माशांच्या वासाने निखिलने काचा वर घेतल्या, एसी लावला. गाडी निघाली. चढावर नाक वर झालं आणि त्या माणसाने सांगितलं होतं तसंच झालं, समोर फक्त बोनट आणि निळं आभाळ. इंजिन ओरडत होतं. माथा आता दोन-तीन पावलांवर असेल.

तेव्हा मला बाईचा आवाज आला. लांबून नाही, काचेला तोंड लावून बोलावं तसा स्पष्ट.

“आगे! आगे!”

त्याच क्षणी निखिलने ब्रेक दाबला. मागच्या सीटवरची बॅग खाली पडली, गाडी घसरत जराशी मागे आली आणि चाकं रुतून बसली.

माझं डोकंच फिरलं. “का थांबलास? ती पुढे जा म्हणतेय ना!”

निखिलने ब्रेकवरचा पाय काढला नाही. “ताई, ती ‘थांब’ म्हणाली.”

“कोण, ती मासेवाली? मराठीत? पुण्याहून आलीये का मासे वाळवायला?”

“मी ऐकलं. ‘थांब’ म्हणाली. दोनदा.”

“‘आगे’ म्हणाली ती. दख्खनीत. आणि इथली भाषा तुला कळते की मला?”

असं भांडतच आम्ही उतरलो. चाकं किती रुतली ते तो बघत बसला, आणि अजून किती चढ राहिलाय ते बघायला मी माथ्यावर गेले.

माथ्याच्या लगेच खाली, पलीकडच्या उतारावर, सई उताणी पडली होती. खड्डा करून त्यात पाय घातलेले, कमरेपर्यंत वाळू थापलेली. गाडीच्या अगदी सरळ रेषेत. मला बघून ती हसली.

“मावशी, बघ ना! मला शेपूट आलंय!”

मी होते तिथे खाली बसले. सईचा आवाज ऐकून निखिल माझ्या अंगावरून उडी मारून गेला आणि त्याने तिला वाळूतून उपटून काढलं. शेपूट मोडलं म्हणून सई भोकाड पसरून रडायला लागली, आणि बाप तिच्याहून मोठ्याने रडत होता.

थोडं भानावर आल्यावर माझं डोकं पुन्हा चालू लागलं. अर्थात! तेलुगूत ‘आगु’ म्हणजे ‘थांब’. ती म्हातारी ‘आगु, आगु’ ओरडली असणार. इंजिनच्या आवाजात मी ते ‘आगे’ ऐकलं. हैदराबादेत जन्म काढलेल्या माणसानेच करावी अशी चूक. एकच भाषा येणाऱ्याला ती जमलीच नसती. माझ्या बाजूचं कोडं सुटलं होतं. मी आधी त्या म्हातारीचे पाय धरायला गेले.

ती पाठमोरी होती. मी अगदी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा केवढी दचकली! मी तेलुगूत बोलत राहिले, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग खालून शहाळेवाली बाई वर आली.

“आमे मूग, अम्मा. पुट्टु मूग. विनपडदु कूडा.”

निखिल माझ्या कानाशी म्हणाला, “मूग? मूग पण विकते का ही?”

मी त्याच्याकडे बघितलं, पण मला हसू आलं नाही. तेलुगूत मूग म्हणजे मुकी. ती जन्मापासून मुकी होती, आणि तिला ऐकूही येत नव्हतं. गाडी येतेय हेच तिला ठाऊक नव्हतं. मी खुणांनी विचारलं, ‘तुम्ही ओरडलात?’ तिने मान हलवली. मुलीकडे बोट दाखवलं, तर ‘ही कुठून आली’ असा तिचा चेहरा. सई तिच्याही पाठीमागेच होती.

मग शहाळेवालीला विचारलं. ती म्हणाली, मी कशाला ओरडू? गाडी चढत होती, तुमची बहीण फोटो काढत होती, आम्ही दोघी बघत होतो. मंजिरीनेही काही ऐकलं नव्हतं. सईला विचारलं तर म्हणाली, “मला गाडी ऐकू आली. मला वाटलं समुद्र आहे.” त्या मुलीला आजही माहीत नाही की काय होणार होतं.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, भास. मीही तेच म्हटलं. दोघांच्याही मनावर ताण होता. निखिलला थांबायचंच होतं, त्याने ‘थांब’ ऐकलं. मला पुढे जायचं होतं, मी ‘आगे’ ऐकलं. छान बसतं. पण दोघांना भास एकाच क्षणी आणि एकाच बाजूने, बाईच्याच आवाजात? तरी मी हट्ट सोडला नाही. गाडीत कॅमेरा होता, आवाजासकट. परत देण्याआधी मी ते रेकॉर्डिंग उतरवून घेतलं आणि घरी हेडफोन लावून चाळीसेक वेळा ऐकलं.

चित्रात बोनट आणि आभाळ. आवाजात इंजिन, एसीची घरघर, माझ्या बांगड्यांची किणकिण. आणि नंतर माझाच आवाज, चांगला खणखणीत: “आगे म्हणतेय ती, थांबू नकोस!”

हे मी बोलले होते, आणि मला आठवतच नव्हतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला. सापडलं! ‘थांबू नकोस’मधलं ‘थांब’ तेवढं निखिलच्या कानात शिरलं आणि त्याने ब्रेक दाबला. म्हणून तर आम्ही कामगारांना शिकवतो की धोक्याच्या वेळी ‘नको’ लावून बोलू नका, माणूस अर्धंच ऐकतो. पुस्तकात घालावं असं उदाहरण. मग मी सेकंद तपासले. बॅग पडल्याचा आवाज आधी आहे. चाकं घसरल्याचा आवाज आधी आहे. माझा आवाज त्यानंतर, जवळजवळ दोन सेकंदांनी. तो आधीच थांबला होता, आणि मी त्याला थांबू नकोस म्हणत होते.

त्याच्या आधीच्या जागेत कुठल्याही बाईचा आवाज नाही. आवाज वाढवून ऐकला, कमी करून ऐकला, कारखान्यातली मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या एका इन्स्ट्रुमेंटवाल्याला देऊन बघितला. तो म्हणाला, “मॅडम, क्या बी नै है इसमें.”

तेव्हा मंडळी, कारणाचा रकाना मी कोरा ठेवलाय. कुणाचा आत्मा, कुणाची पुण्याई, समुद्रातली कोणी देवता, असलं काही मी म्हणणार नाही. अजूनही मानत नाही. एवढंच म्हणते की कोणीतरी बोललं, आम्ही दोघांनी ऐकलं, आणि त्याने नीट ऐकलं.

पण हे लिहायला बसले त्याचं कारण तो आवाज नाही. मंजिरी सगळ्यांना सांगत फिरते, ‘ताई गाडीत होती म्हणून माझी सई वाचली.’ नातेवाइकांत, सोसायटीत, सईच्या शाळेत. माझं कौतुक होतं. निखिल समोर बसलेला असतो. त्याने ते रेकॉर्डिंग माझ्यासोबत ऐकलंय, आणि एकदाही त्याने तोंड उघडलेलं नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाही, मला लाज वाटू नये म्हणून. आणि मी मूग गिळून बसते.

मंजिरी इंग्लिश मीडियमची; मराठी अक्षरं जोडत-जोडत वाचते आणि दुसऱ्या ओळीला कंटाळते. इथे लिहिलं तर तिच्या नजरेस पडणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच हा कागद घेऊन येत्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे आणि स्वतः वाचून दाखवणार आहे, पहिल्या ओळीपासून. ‘थांबू नकोस’पाशी आल्यावर माझा आवाज निघेल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.