बायकांचा बुधवार

एखाद्याला मारण्यात इतकं समाधान असतं, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईला, अल मनखूलमध्ये राहायचो. शहराबाहेरचं एक मोठं पार्क बुधवारी फक्त बायकांसाठी असायचं. त्या दिवशी पुरुषाला आत पाऊल टाकायला बंदी. आमच्या बिल्डिंगमधल्या आम्ही चौघी टॅक्सी करून तिथे चालायला जायचो. तळ्याच्या कडेने मुलांच्या छोट्या आगगाडीचे रूळ होते. गाडी कधीचीच बंद पडलेली, त्यामुळे रुळांमधली वाट आमचीच. ना चढ, ना उतार. आधी गाफच्या झाडांतून जायचं, मग देशोदेशीच्या घरांच्या बुटक्या नकलांची गावं लागायची, हॉलंड काय, जपान काय. जपानात बसून चहा प्यायचा आणि मागे फिरायचं.

चौघींत सगळ्यात लहान माझ्या शेजारच्या फ्लॅटमधली. पंचविशीची, साताऱ्याकडची. मेच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालायची. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीपलीकडून आवाज यायचे. आधी भांडं, मग ती, मग एकदम चिडीचूप. त्या चिडीचूपचीच मला जास्त भीती वाटायची. एकदा मी दार वाजवलं, तर तिचा नवरा हसत म्हणाला, "काही नाही वहिनी, टीव्ही मोठा झाला." त्याच्या त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे म्हणाले, दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नकोस. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

त्या बुधवारी माझ्या पर्समध्ये तिचं विमानाचं तिकीट होतं, त्याच रात्रीचं. तिच्या भावाने ते माझ्या पत्त्यावर पाठवलं होतं. पासपोर्ट मात्र नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली त्याच्या खिशात. तो बाहेर कसा काढायचा, एवढा एकच विषय आम्ही चालताना चघळत होतो.

जपानापाशी तिचा नवरा झाडांतून पुढे आला. मागची भिंत चढून आला असावा, शर्ट फाटला होता. "तुझ्या भावाचा फोन मी उचलला! पळून जातेस काय?" असं ओरडत त्याने तिची वेणी धरली आणि तिला खाली खेचलं. तिचं कपाळ रुळावर आपटलं. त्याने वेणीला धरून डोकं वर उचललं आणि पुन्हा आपटलं.

मी हातातला थर्मास फिरवला. तो त्याच्या कानशिलावर बसला, आतली काच खळ्ळकन फुटली आणि चहा त्याच्या मानेवर सांडला. झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या आमच्या मैत्रिणीने मूठभर वाळू त्याच्या डोळ्यांत फेकली. दुसरी त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तेव्हा कुठे वेणी सुटली. तो पडला तरी आम्ही थांबलो नाही. बुटांनी, पर्सने, हाताला लागेल त्याने झोडपला. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

गेटवरचा गार्ड धावत आला, त्याने फोन केल्यावर पोलीसही आले. "मैं पति हूँ इसका!" तो रक्ताळल्या तोंडाने ओरडत होता.

पोलीस अधिकाऱ्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्याने तिला विचारलं, "ये तुम्हारा हसबंड? हसबंड है तो घर का मामला, समझाके छोड़ेगा. नहीं है तो आज लेडीज डे, ये आदमी सीधा अंदर."

तिची भुवई फाटली होती. रक्त पुसत तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मैं नहीं जानती," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने बाकी दोघींकडे पाहिलं. दोघींनी नकारार्थी माना हलवल्या. मग तो माझ्याकडे वळला.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," नवरा आता रडकुंडीला आला होता. "गणपतीत जेवलोय मी तुमच्याकडे."

मी ओढणीने तिचं कपाळ दाबून धरलं होतं. "पहली बार देख रही हूँ," मी म्हटलं.

उद्या स्टेशनला येऊन जबाब द्या, असं आम्हाला बजावून ते त्याला घेऊन गेले. किल्लीही त्याच्याबरोबरच गेली. पोलिसांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती रुळावर बसून होती. मग माझा हात धरून उठली.

"चला काकू," ती म्हणाली, "कपाट फोडायचंय."