छत्तीस गुण आणि लाल पाटी

अंबाजोगाईत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, तेव्हा पत्रिका जुळवणारा एक छोटा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर फुकट ठेवला होता. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदार काकांच्या मुलीला स्थळ आलं, तेव्हा मीच तोऱ्यात म्हणालो, "सायबर कॅफेत जाऊन माझा प्रोग्राम उतरवून घ्या. छत्तीस गुणांचा हिशोब चुटकीसरशी."

तासाभरानं काका पडेल चेहऱ्यानं क्लासात आले. "सर, हे स्थळ काय जमायचं न्हाई. जन्मतारखा टाकायच्या आदीच लाल पाटी आली. धोका हाय, उघडू नका, म्हणती."

ती पाटी अँटीव्हायरसची होती, हे काकांना पटेना. "मशीनची आमच्या पोरीशी काय दुश्मनी हाय? ती कावून खोटं बोलंल?"

चूक माझीच निघाली. फोनच्या लाइनवर लवकर उतरावा म्हणून मी प्रोग्राम दाबून लहान केला होता. व्हायरस लिहिणारेही लपण्यासाठी तसंच करतात, म्हणून माझ्यावर संशय आला. मी तो न दाबता पुन्हा ठेवला आणि अँटीव्हायरसच्या कंपनीला तपासायला पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं, "तुमची फाईल निर्दोष आहे."

त्याची प्रिंट घेऊन मी मिरवत दुकानात गेलो, तर तिथं पेढे वाटणं चाललेलं. काकूंनी केव्हाच गुरुजींकडून पत्रिका जुळवून आणली होती. त्यांनी माझा कागद शांतपणे वाचला आणि हातावर पेढा ठेवला.

"पोरीचे सव्वीस गुण जुळले," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तुमीबी निर्दोष सुटलात."