अमोनियाचा प्रतिध्वनी

मीराचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजात तासावर निघालो होतो. "काका, दिगंबरमामा गेले..." एवढंच बोलली. दिगंबरशी मी दोन वर्षांत बोललो नव्हतो.

तरुणपणी आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. काचेच्या नळीत अगदी विरळ अमोनिया आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझरचा झोत. त्या प्रकाशाचा एक झटका दिला की रेणू एका तालात डोलू लागतात, मग त्यांचा ताल विस्कटतो. थोडं थांबून दुसरा झटका द्यायचा. पुन्हा तेवढाच वेळ गेला की विस्कटलेले रेणू क्षणभर तालात येतात आणि वायू स्वतःच प्रकाश परत देतो... हाच प्रतिध्वनी. तो पकडायला दिगंबरनं वर्षभर आरसे जुळवले. यंत्राच्या पडद्यावर इवलासा उंचवटा उमटला तेव्हा माझा दंड धरून म्हणाला, "बघायलास ना? गॅस बोलायलाय."

काही दिवसांतच भूकंप झाला. लातूरकडच्या गावात त्याची बहीण आणि मेहुणे ढिगाऱ्याखाली गेले; त्यांची तीन वर्षांची मीरा तेवढी वाचली. महिन्यानं तो आला, तो सामान न्यायला. "पोरीला आता कोन हाय? नळी, आरसे, सगळं तू घे. पुरं कर."

मी पुरं केलं. प्रबंधात त्याचं नाव आभाराच्या पानावर, आठव्या ओळीत आलं. मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली. त्यानं लातुरात शिकवणी सुरू केली. पुढं तिथं गल्लोगल्ली क्लास निघाले, त्याच्याकडे पार जळकोटहून, भोकरहून मुलं येऊ लागली. एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. तो रेणूंचा ताल समजावत होता. एका मुलीनं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"न्हाई. पाच मिनिटं ऐक, मग परीक्षेचं सांगतो."

प्रबंधाबद्दल तो कधीच बोलला नाही. मी आधी विषय टाळला, मग जाणंच टाळलं...

तेराव्यानंतर मीरानं त्याची खोली उघडून दाखवली. टेबलावर वह्यांची चळत होती. "दर रविवारी लिहीत बसायचे. मला कळत न्हाई, तुम्हीच बघा."

रेणू एकमेकांवर आदळले की प्रतिध्वनी किती लवकर विझतो, त्याची गणितं होती. प्रयोगाविना, नुसत्या कागदावर, इतक्या वर्षांची. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर दोन नावं होती. आधी माझं, मग त्याचं.