मॅनेजरचा गुडघा

मी टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, आणि एका माणसाचं सगळं आयुष्य मला त्याच्या उजव्या गुडघ्यावरून कळलं. तो मूळचा आयर्लंडचा. सोळाव्या वर्षी फुटबॉल खेळायला घराबाहेर पडला तो इंग्लंड, स्कॉटलंड, नॉर्वे, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया अशा देशांत क्लब बदलत बदलत शेवटी टेक्ससला येऊन थांबला. इथल्या एका छोट्या व्यावसायिक संघाचा तो मॅनेजर होता. कुणी कोच म्हटलं की चिडायचा, आणि सॉकर म्हटलं तर उठूनच जायचा.

दर मंगळवारी तो माझ्या टेबलावर पाय पसरून बसायचा आणि एकेका व्रणावर बोट ठेवून सांगायचा. हा इंग्लंडचा. हा नॉर्वेचा. हाँगकाँगचा व्रण नाही, तिथल्या डॉक्टरनं हाफटाइमला नुसतं इंजेक्शन टोचून परत मैदानात पाठवलं. प्रत्येक क्लबला तो मनापासून शिव्या घालायचा. "त्यांना माहीत होतं," म्हणायचा. "सगळ्यांना माहीत होतं. एकानंही मला सांगितलं नाही." पन्नाशी नुकती ओलांडलेला हा माणूस स्वतःच्या घरातला जिना उलटा उतरायचा, कठडा धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तसा. हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. मला त्याची कीव यायची. आता ती कीव आठवली की माझाच राग येतो.

त्याच्यामुळेच सामन्यांच्या दिवशी संघाचं काम आमच्या क्लिनिककडे आलं, आणि क्लिनिककडून माझ्याकडे. संघात एक आपला मुलगा होता. बावीस वर्षांचा, जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. मराठी जेमतेम, पण माझं आडनाव वाचून पहिल्याच दिवशी मला मावशी म्हणाला आणि मी विरघळले.

सीझनच्या शेवटच्या सामन्याला दहा दिवस असताना त्याचा उजवा गुडघा सुजला. मी तपासला आणि दोघांनाही समोर बसवून सांगितलं, लिगामेंट ताणलंय, निदान तीन आठवडे खेळायचं नाही. मॅनेजरनं तेव्हा मान डोलावली. सामन्याच्या दुपारी मात्र ड्रेसिंगरूममध्ये त्यानं सगळ्यांसमोर ट्रॅकसूटची पँट गुडघ्याच्या वर ओढली. "हा बघ. असल्या गुडघ्यावर मी अर्धं जग खेळलो. उभा आहे की नाही?" वरच्या लीगची माणसं त्या दिवशी खेळाडू बघायला येणार होती. मॅनेजरला सामना हवा होता आणि मुलाला ती माणसं.

तरी मुलानं त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, इज दॅट ट्रू? खरंच खेळला तो असा?"

मी म्हटलं, "हो, खेळला."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जिन्याचं मी सांगितलं नाही. एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही असा इथला कायदा आहे, आणि त्या दिवशी मला तो कायदा फारच आवडला. पण मॅनेजरबद्दल चकार शब्द न काढताही मला म्हणता आलं असतं, नाही रे बाळा, बूट काढ. माझं ग्रीन कार्ड क्लिनिकच्या अर्जावर अडकलं होतं आणि क्लिनिकला तो संघ हातचा जाऊ द्यायचा नव्हता. एवढंच कारण होतं. मी मिठाची गुळणी धरली आणि त्याचा गुडघा टेपनं बांधला. छान बांधला. त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

चाळिसाव्या मिनिटाला तो पडला. जवळपास कुणी नव्हतं, नुसता वळला आणि पडला. मी धावत गेले. मॅनेजरला धावता येत नव्हतं. तो लंगडत पोचला आणि पहिलं वाक्य बोलला ते मला. "तू नीट बांधला होतास ना?"

त्याच महिन्यात आमच्या मंडळाचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता. पांढरी साडी नेसून मी पहिल्या रांगेत पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला माझाच आवाज सगळ्यात मोठा. ते मी मोडलं कुठे होतं? वर मुलांसमोर अन्यायाविरुद्ध तोंड उघडण्यावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. काकू मंडळींनी कौतुक केलं. लाज वाटली ती परतताना, गाडीत, एकटी असताना. माझ्यासारख्यांना ती नेहमी उशिराच वाटते.

हिवाळ्यात मॅनेजरला दुसऱ्या राज्यात मोठा संघ मिळाला. जाताना चॉकलेटचा डबा ठेवून गेला. "तू समजूतदार आहेस," म्हणाला.

मुलाची दोन ऑपरेशनं झाली. आता तो विम्याच्या एका ऑफिसात काम करतो आणि व्यायामासाठी माझ्याकडेच येतो. परवा क्लिनिकमधल्या लाकडी पायऱ्यांवरून त्याला उतरायला सांगितलं. त्यानं कठडा धरला, हळूच पाठमोरा झाला आणि उलटा उतरू लागला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मधल्या पायरीवर थांबून त्यानं विचारलं, "मावशी, तोपण असाच उतरायचा का?"

मी म्हटलं, "दुसऱ्या पेशंटबद्दल मला बोलता येत नाही."

"ओके," तो म्हणाला, आणि पायानं खालची पायरी चाचपू लागला.